कंसातली माणसे

वर्तमानपत्रातले सर्वांत कमी वाचले जाणारे पान कोणते असे मला विचारले, तर मी जाहीर नोटिशीचे पान दाखवीन. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याची जमीन, आणि शेवटी 'सदर मिळकतीत कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल'. खाली वकिलांचे नाव, पत्ता. आपण हे पान उलटतो आणि शब्दकोड्याकडे वळतो. त्या चार बोटांच्या मजकुरामागे एक माणूस आठवडाभर हिंडलेला असतो, हे कोणाच्या गावीही नसते.

मुंबईच्या सॉलिसिटरांकडे या कामाचे स्वतंत्र खाते असते. इंदापूर किंवा बारामतीच्या वकिलाकडे एखादाच माणूस असतो. त्याला 'सर्च घेणारा' म्हणतात. सिनेमातल्या गुप्तहेराला ओव्हरकोट आणि हॅट असते. आमच्या या तपासनिसाला रेक्झिनची पिशवी, पायात झिजलेल्या वहाणा आणि खिशात दोन रंगांची पेने असतात. भिंग मात्र त्याच्याकडेही असते, कारण जुन्या फेरफाराची शाई उडालेली असते आणि अक्षर तलाठ्याचे असते.

इंदापूर आणि बारामती या दोन गावी मिळून माझ्या बँकेतल्या नोकरीची नऊ वर्षे गेली. कर्ज विभागात होतो. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर, पुढे पुढे घरबांधणी. जमीन तारण घ्यायची म्हणजे पॅनेलवरच्या वकिलांचा शोध अहवाल हवाच. तीन पानांचा अहवाल यायचा. शेवटी 'मिळकत निर्वेध व बोजारहित आहे' असे वाक्य, वकीलसाहेबांची सही, गोल शिक्का. आम्ही शिक्का पाहायचो आणि फाइल पुढे सरकवायचो. मला त्या तीन पानांइतकाच ती पाने जमवणाऱ्या गृहस्थांत रस होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. दुपारी शाखेसमोरच्या हॉटेलात चहाला यायचे आणि सकाळपासून काय वाचले ते सांगायचे. कथानक कसे रचतात हे मी त्यांच्याकडून शिकलो, असे मी एका साहित्यिक कार्यक्रमात म्हणालो होतो. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

त्यांचा दिवस तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सुरू व्हायचा. आजच्या सातबाऱ्यावर मालकाच्या नावापाशी फेरफाराचे आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक घटना : कोणी मेले, कोणी विकले, कोणी वाटून घेतले, कोणी गहाण टाकले. हे आकडे उलट्या क्रमाने धरून मागे मागे जायचे. मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शोध फी भरायची, आणि गावाच्या इंडेक्स टूची वर्षावर्षांची बाडे उघडायची. या गटाचे खरेदीखत, गहाणखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांपैकी काय काय नोंदले गेले ते ओळीओळीने पाहायचे. नंतर कोर्टात जाऊन दावा चालू आहे का ते पाहायचे. कुळाचे किंवा वतनाचे काही निघाले तर बारामतीला प्रांत कचेरी गाठायची. आणि सर्वांत शेवटी, जे अहवालाच्या नमुन्यात कुठेच नसते ते, गावात जायचे.

शेतीकर्जाला बँका बहुधा तेरा वर्षांचा शोध मागत, मोठ्या कर्जाला तीस वर्षांचा. हे आकडे काही पंचांगातून काढलेले नाहीत. दुसऱ्याच्या ताब्यातली आपली जमीन परत मागण्याची मुदत बारा वर्षांची, म्हणून तिच्यावर एक वर्ष जास्त. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने गहाण टाकलेली जमीन सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षांची ठेवली, म्हणून तीस. एखाद्याच्या आजोबांनी सावकाराकडे ठेवलेली जमीन नातू सोडवायला येऊ शकतो, ही शक्यता बँकेला झोपू देत नाही.

तीस या आकड्याशी इंदापूरचा आणखी एक जुना संबंध आहे, आणि तो इंदापूरकरांनाही फारसा ठाऊक नसतो. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. तो इतका जड झाला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी आणि प्रतवारी सुरू केली, ती याच इंदापूर तालुक्यात. सारा खाली आणला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात या पद्धतीचे नियम बांधले गेले आणि ती मुंबई इलाखाभर पसरली. तेहतीस फुटी साखळी, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज महाराष्ट्रातला शेतकरी बांधावरून भांडतो तो याच गणिताने. पण ती मोजणी झाली सारा वसूल करण्यासाठी. जमीन खरी कोणाची, हा प्रश्न सरकारला दुय्यम होता. सरकारला सारा भरणारा हवा होता. पुढे त्याच कागदांवर हक्कनोंदणीची कलमे चढली आणि आपण सातबाऱ्याला मालकीचे प्रमाणपत्र समजू लागलो.

कोर्टे मात्र वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. कायदा सातबाऱ्यातली नोंद खरी धरतो, तीही उलट सिद्ध होईपर्यंत. हे 'होईपर्यंत' म्हणजे अण्णांचे पोटपाण्याचे साधन.

सातबारा वाचायचा कसा हे त्यांनी मला शिकवले. आपण ठळक नाव वाचतो, ते बारीक अक्षरे वाचत. नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसले की थांबायचे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचे आणि जमीन सगळ्या घराची. 'अ.पा.क.' दिसले की दोनदा थांबायचे. अज्ञान पालन कर्ता. कुठलेतरी पोर सज्ञान नव्हते म्हणून आईने किंवा चुलत्याने सांभाळायला नाव लावलेले. ते पोर आता चाळिशीचे असेल. त्याच्या वाट्याची विक्री झाली तेव्हा कोर्टाची परवानगी लागत होती का, आणि लागत असल्यास घेतली होती का? आणि सर्वांत महत्त्वाचा तो कंस. जुन्या सातबाऱ्यात नाव कमी झाले की खोडत नसत, त्याला कंस करीत. वर नाव, त्याला दोन बाजूंनी दोन चंद्रकोरी, शेजारी फेरफाराचा आकडा. अण्णा म्हणायचे, "साहेब, बाहेरची माणसं कर्ज मागायला येत्यात. आपण कंसातल्यांना भेटायचं."

१९९० च्या सुमाराची एक फाइल मला आठवते. तीन भावांची जमीन, विहिरीसाठी आणि पाइपलाइनसाठी कर्ज. सातबारा स्वच्छ होता. वडील १९८१ साली वारलेले, वारस नोंद झालेली, बहिणीचे नाव लागले आणि पुढच्याच वर्षी कंसात गेले. फेरफारात लिहिले होते की बहिणीने स्वखुशीने भावांच्या लाभात हक्क सोडला आहे. नोंदलेले हक्कसोडपत्र नव्हते, नुसता वर्दी अर्ज आणि जबाब. त्या काळी अशा जबाबावर नावे कमी होत असत, आणि कायद्याने तो हक्क सुटत नसे. वकीलसाहेबांनी हरकत घ्यायला इतके पुरेसे होते. अण्णांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी जबाबाचा कागद बाहेर काढून घेतला. खाली होते, निशाणी डावा अंगठा. आणि याच गटातला तुकडा वडिलांनी १९७६ साली विकला होता त्या खरेदीखताची नक्कल अण्णांच्या पिशवीत होती. तिच्यावर साक्षीदार म्हणून याच मुलीची सही होती, पूर्ण नाव, वळणदार अक्षर. साक्षीदारांत बाईचे नाव तेव्हा क्वचितच असायचे, म्हणून त्यांच्या लक्षात राहिले होते.

सही करणारी बाई सहा वर्षांनी अंगठा का देईल?

दुसऱ्या दिवशी ते एसटीने नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात तिच्या सासरी गेले. बाई गोठ्यात होत्या. यांनी कर्जाचा विषय काढला नाही, फक्त कागद दाखवून विचारले, हा अंगठा तुमचा का? त्या म्हणाल्या, "माझा अंगठा कशापायी आसंल? चौथी शिकलेय मी. सही येती की मला."

कर्ज थांबले. भाऊ शाखेत आले आणि त्यांनी मला चार गोष्टी सुनावल्या. घरातली गोष्ट घरात मिटली असती, तुमच्या माणसाने ती वेशीवर टांगली, हा त्यातला सौम्य भाग. तीनेक महिन्यांनी बाई स्वतः इंदापुरात आल्या आणि त्यांनी रीतसर हक्कसोडपत्र नोंदवून दिले. साडीचोळीवर. मी त्या दिवशी कामासाठी निबंधक कार्यालयात होतो. अण्णांनी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "आक्का, विचार केलाय ना? कोणी बळजबरी?" त्या म्हणाल्या, "माहेर ऱ्हायला पायजे ना अण्णा. पर आता मी दिलं. आधी त्यांनी घेतलं हुतं." आणि पेन मागून घेऊन सही केली.

बँकेच्या दृष्टीने पुराव्यातली उणीव दूर झाली. कर्ज मंजूर झाले, फिटलेही. फाइल बंद झाली. एक बाई एका कागदावर अंगठेबहाद्दर झाली होती आणि एका माणसाने तिला तिची सही परत मिळवून दिली, याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

इंदापूर तालुक्यात कंसांना तोटा नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाला कुळे जमिनीचे खरेदीदार मानली गेली. त्या जमिनींवर कुळकायद्याच्या कलम ४३ ची बंधने आली, आणि पुढच्या पिढीने त्या विकताना परवानगी घेतली की नाही हे शोधावे लागते. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने गेली. महार वतनाच्या जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही, आणि तरीही कागदावर न आलेले किती व्यवहार झाले असतील ते गावालाच ठाऊक. भीमेवर उजनी धरण झाले, १९८० साली पाणी अडले, जुने पळसदेव पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर येते आणि पुण्याची मंडळी फोटो काढायला येतात. त्या पाण्याखालच्या शेतांच्या बदल्यात लोकांना दुसरीकडे जमिनी दिल्या गेल्या, त्याही शर्तीच्या. 'इतर हक्क' या रकान्यातली एक ओळ वाचायची राहिली की पुढच्याचे लाखो रुपये अडकतात.

खरेदीखत नोंदले की जमीन आपली झाली, असे आपल्याकडे सुशिक्षित माणसेही समजतात. दस्त नोंदला गेला याचा अर्थ इतकाच, की अमुक माणसाने तमुक माणसाला अमुक लिहून दिले. देणाऱ्याची ती वस्तू होती की नव्हती, हे निबंधक पाहत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा एक नियम रद्द केला. विकणाऱ्याने आपल्या मालकीचे मूळ कागद दाखवले नाहीत तर निबंधकाने दस्त नाकारावा, असा तो नियम होता. मालकीची छाननी हे निबंधकाचे काम नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मग ते काम कोणाचे? दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने १८५८ साली कायदा करून घेतला, त्यात सरकारी पुस्तकात ज्याचे नाव तो मालक, आणि हमी सरकारची. आपल्याकडे हमी कोणाचीच नाही. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवायचे. सामान्य माणूस ते डोळे भाड्याने घेतो, आणि आपण कोणाचे डोळे घेतले हे त्याला कधी कळत नाही.

आता सगळे संगणकावर आले आहे ना, असे माझ्या सोसायटीतले लोक म्हणतात. आले आहे, आणि चांगले झाले आहे. २००२ पासून दस्तनोंदणी संगणकावर आली, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, तलाठी भाऊसाहेबांची वाट पाहत झाडाखाली बसणे संपले. २०२०-२१ साली सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि कंसही गेला. कमी झालेल्या नावावर आता आडवी रेघ असते. पण संगणकात जे भरले ते हस्तलिखितातलेच. तिथे जो अंगठा खोटा होता, तो इथे सुबक अक्षरात आला. शोध घेणारे लोक आणखी एका गोष्टीकडे संशयाने पाहतात. महसूल अधिनियमाचे कलम १५५ हे लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. त्या कलमाचा हवाला देऊन 'इतर हक्क' मधली एखादी ओळ गेली असेल, तर ती चूक होती की अडचण होती हे मूळ कागद पाहिल्याशिवाय समजत नाही. आणि मूळ कागद अभिलेख कक्षातल्या फडक्यातच आहे.

काम कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने हिस्सा दिला. २००५ साली केंद्राने लग्न झालेल्या, न झालेल्या सर्वच मुलींना तो दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले वाटप मोडत नाही. म्हणजे वाटपाची तारीख खरी आहे का, ते तोंडी होते की नोंदलेले, हे सगळे त्या रेक्झिनच्या पिशवीत जाऊन पडले. तुकोबांच्या पालखी मार्गाचा महामार्ग करताना बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या पट्ट्यात भूसंपादन झाले. जिथे मोबदला येतो तिथे बहिणीही येतात, हा माझा बँकेतला अनुभव. गावात याला बहिणीचा लोभ म्हणतात. भावाच्या लोभाला 'वहिवाट' असा भारदस्त शब्द आहे.

आता थोडे व्यवहाराचे, कारण या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणीतरी या वर्षी फ्लॅट किंवा प्लॉट घेणारच. बँकेने जो शोध घेतला तो बँकेने आपल्या पैशाच्या सुरक्षेसाठी घेतलेला असतो. फी तुमच्याकडून घेतात, प्रत तुम्हाला बहुधा देत नाहीत. ती मागा. मिळाली तर शेवटच्या पानावरचे 'निर्वेध' वाचून समाधान मानू नका. 'उपलब्ध अभिलेखानुसार' आणि 'काही पाने फाटलेली असल्याने' ही वाक्ये कुठे आहेत ते पाहा आणि कोणत्या वर्षांची पाने ते विचारा. त्याच वर्षांत काही झाले असेल तर? वकिलाला आणखी एक विचारा : गावात कोण गेले होते? बहुतेक वेळा उत्तर येईल की कोणी नाही, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. पन्नास लाखांच्या घराला आपण सागवानी दार लावतो, आणि शोध घेणाऱ्याचे एसटीचे भाडे आपल्याला खर्च वाटतो. वकिलाच्या फीमधून त्याच्या हातावर जे पडते ते सांगायला मला संकोच वाटतो. चूक निघाली तर मात्र पहिला दोष त्याचा.

माझे स्पष्ट मत आहे की अहवालावर शोध घेणाऱ्याचे नाव असले पाहिजे. कोणत्या तारखांना कोणती बाडे पाहिली, कोणती पाहायला मिळाली नाहीत, कोणाला प्रत्यक्ष भेटला, हे त्याच्या सहीने आले पाहिजे. अंतिम मत वकिलाचेच राहील, जबाबदारीही त्यांची. पण पाहणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा असेल, तर दोघेही कागदावर दिसावेत. फेरफाराला तरी दुसरा काय नियम आहे? नोंद एक जण करतो, प्रमाणित दुसरा करतो, आणि दोघांच्या सह्या असतात.

अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली. इंदापूरच्या एका वकिलाकडे हे काम आता कायद्याची पदवी घेतलेली एक मुलगी करते. निमगाव केतकीकडची आहे, घरी पानमळा आहे. गेल्या वर्षी एका कामासाठी तिच्याबरोबर मी एका गावात गेलो होतो. मोबाइलवर बाडांचे फोटो, दुचाकी, पिशवीऐवजी सॅक. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी पीकपाण्याचे बोलून झाल्यावर तिने अगदी सहज विचारले, "आन बाबा, या घरच्या लेकी कुठं कुठं दिल्यात?" म्हातारे सांगू लागले आणि ती लिहून घेऊ लागली. दोन नावे सातबाऱ्यावर कुठेच नव्हती, रेघेखालीही नव्हती.

तिने आपल्या वकिलांची संमती घेऊन त्या अहवालाच्या शेवटी 'शोध घेणार' म्हणून स्वतःचे नाव टाकले आणि सही केली. ज्या बँकेसाठी अहवाल होता तिने तो परत पाठवला. ठरलेल्या नमुन्यात असा रकाना नाही, असा शेरा होता. तिने त्या दोन लेकींची नावे पहिल्या पानावर घेतली, सही आहे तिथेच ठेवली, आणि अहवाल पुन्हा पाठवून दिला आहे.